ऐकलं, ठेवा आता

८ जुलै

धाकट्या,

पाकिटावर ‘माननीय आमदार’ लिहिलंय ते टपालवाल्यासाठी. आत तू धाकटाच आहेस आणि मी अजून रागावलेलीच आहे, तेव्हा खुशालीच्या ओळी गाळते. आई बरी आहे. दुपारी शिवणाच्या मावशींच्या दुकानात जाऊन बसते, गप्पा मारते आणि चेहरा जरा हलका करून परत येते. तुझं नाव काढत नाही. मीही काढत नाही.

मी लिहितेय ते एका कामासाठी, आणि ते काम माझं नाही. परवा पडद्यांना काठ लावून घ्यायला मी मावशींकडे गेले होते. त्या मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, “तुमचा भाऊ मात्र वडिलांच्या, अण्णांच्या वळणावर गेला हो. स्वतः फोन उचलतो.” मला हसूच आलं. सख्ख्या बहिणीचा फोन साहाय्यकाकडून परतवणारा माणूस मावशींचा फोन स्वतः उचलतो म्हणजे आमच्या भाग्याला काही तोटा नाही. पण त्या थट्टा करत नव्हत्या. दुकानामागची भिंत तुला आठवत असेल, टेकडीची माती अडवायला बांधलेली ती दगडी. तिला आता पोट सुटलंय. पावसाचं पाणी सांध्यांतून गढूळ होऊन येतं. मावशींचं दुकान पुढं आणि राहायची खोली मागं, अगदी भिंतीला चिकटून. त्यांनी त्याबद्दल फोन केला आणि पलीकडून उत्तर आलं, “ऐकलं.”

मी विचारलं, कुठल्या नंबरवर केलात? तर म्हणाल्या, “तोच की आपला. अण्णांचा, घरचा.”

धाकट्या, घरचा फोन माझ्या उशाशी असल्यासारखा बाहेरच्या खोलीत बसलेला असतो. अण्णा गेल्यापासून तो वाजलेला नाही. मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. ज्याच्यासाठी वाजायचा तो माणूस गेला, लोकांना तुझ्या नव्या कार्यालयाचा नंबर मिळाला, मग हा कशाला वाजेल? त्या दिवशी घरी येऊन मी रिसीव्हर उचलून पाहिला. आतला आवाज नेहमीसारखा, संथ, एकसुरी. फोन चालू आहे.

मग मी इकडेतिकडे विचारलं. दूधवाल्याने रस्त्यातल्या खड्ड्यासाठी फोन केला होता. त्यालाही ‘ऐकलं’ म्हणून उत्तर मिळालं. गल्लीच्या टोकाच्या निवृत्त मास्तरांनी मला दारातून आत बोलावलं, दार लोटलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की तो तुझा आवाज नव्हता, अण्णांचा होता. मी त्यांना म्हटलं, मास्तर, दोघांचा आवाज एकच आहे. कॉलेजात असताना तू फोन उचललास की लोक तुझं ‘अण्णा घरात नाहीत’ पुरं व्हायच्या आत गटारापासून सुरुवात करायचे, याची मी त्यांना आठवण करून दिली. ते मान हलवत राहिले. पटलं नव्हतं.

अण्णांची रीत तुला सांगायला नको, पण राजधानीची हवा लागल्यावर विसरला असशील म्हणून सांगते. ते कुणालाही ‘नाही’ म्हणत नसत. ‘ऐकलं’ म्हणाले की काम त्यांनी अंगावर घेतलं. ते होण्यासारखं नाही असं नंतर दिसलं, की आपण होऊन त्या माणसाला फोन करायचे आणि म्हणायचे, ‘बघतो.’ एवढंच. ‘बघतो’ म्हणजे आता तुमची तुम्ही सोय करा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि कुणी त्यावर रागावत नसे, कारण माणसाला निदान लटकत राहावं लागत नसे. ‘बघतो’चा फोन आला नाही म्हणजे काम चाललंय. मावशी त्याच हिशेबाने त्या भिंतीखाली निवांत झोपतात.

आपलं भांडण चष्म्यावरून झालं, ते आहे तिथे राहू दे. अण्णांचा चष्मा घालून तू पोस्टरसाठी फोटो काढलास, त्यांचा नंबर तुला लागत नसताना, आणि मी चारचौघांत म्हणाले की उमेदवार आंधळा दिसतोय. मी ते परत घेणार नाही. पण हे विचारायचंय: फोन तू उचलतोस का? उचलत असशील तर भिंतीचं काय केलंस?

आणि उचलत नसशील, तर कोण उचलतं?

ताई


१५ जुलै

धाकट्या,

तुझं उत्तर नाही. मी मात्र फोन करून पाहिला.

आपल्या फोनवरून आपलाच नंबर लागत नाही, म्हणून औषधवाल्याच्या दुकानात गेले. डोकेदुखीच्या गोळ्या मागितल्या, फोन करू का म्हणून विचारलं. त्याने काउंटरवरचा फोन माझ्याकडे सरकवला आणि गोळ्या शोधायला वळला. इतकी वर्षं हा नंबर मी लोकांना तोंडपाठ सांगत आले, पण स्वतः कधी फिरवला नव्हता. बोट दोनदा चुकलं.

पलीकडे घंटा वाजली. मला वाटलं, आपल्या रिकाम्या खोलीत ती वाजत असेल, आई उठून येत असेल. मग खट्ट आवाज झाला. कुणीतरी घसा साफ केला, तो बारीकसा खाकरा, जेवून उठल्यावरचा. आणि अण्णा म्हणाले, “हां, बोला.”

औषधवाला म्हणाला, ताई, बसा, तुम्हाला घाम आलाय. मी बसले नाही. रिसीव्हर कानाशी तसाच. मागे कुणाच्या चालण्याचा आवाज नाही, पंख्याचा नाही, कसलाच नाही, नुसतं कुणीतरी ऐकत असल्याची ती शांतता. मला बोलायचं होतं. काय बोलायचं ते ठरवत होते. कुठे आहात असं विचारावं, की तुमच्या खुर्चीवर पोरगा बसलाय आणि त्याला ती मोठी होते असं सांगावं, की नुसतं अण्णा म्हणावं. मग ते म्हणाले, “ऐकलं. ठेवा आता.”

मी काही बोललेच नव्हते, धाकट्या. आणि त्यांनी ऐकलं होतं.

घरी आले तर आई बाहेरच्या खोलीत टेबल पुसत होती. मी विचारलं, फोन वाजला का आत्ता? ती म्हणाली, “हा कधी वाजतो?” आणि फडकं फोनवरून असं फिरवलं, जसं लहान मुलाचं तोंड पुसतात.

हे वाचून तू हसशील. हस. मी त्या खोलीतून आता जाताना फोनकडे पाठ करत नाही. मला अण्णांची भीती वाटावी हे माझं मलाच लाजिरवाणं वाटतं. जिवंत होते तेव्हा कधी वाटली नाही.

ताई


२२ जुलै

धाकट्या,

भुताची गोष्ट संपली. जे निघालं ते भुतापेक्षा बरं आहे की वाईट, ते मला ठरवता येईना.

मी टेलिफोनच्या मेकॅनिकला बोलावलं. त्याने रिसीव्हर कानाला लावला, काही आकडे दाबले आणि चहाचा घोट घ्यावा इतक्या सहज सांगितलं, “तुमचा फोन वळवलेला आहे.” मी कपाळावर हात मारला. अधिवेशनाला निघताना अण्णा बॅग दारात ठेवून परत आत यायचे आणि फोनवर आकडे दाबायचे, हे मी किती वेळा पाहिलंय. घरी येणारे फोन ते राजधानीतल्या आपल्या खोलीत वळवत, आमदारांच्या वसतिगृहात. परत आले की ते वळवणं काढत. शेवटच्या अधिवेशनाला गेले ते परत आले नाहीत, तिथेच गेले, आणि फोन तसाच वळलेला राहिला.

तिथे त्यांनी उत्तर देणारं यंत्र बसवलं होतं. मेकॅनिक म्हणाला, त्या जातीच्या यंत्रात दोन वाक्यं भरून ठेवता येतात. एक माणसाने बोलायच्या आधी, एक त्याचं बोलून झाल्यावर. मधलं सगळं टेपवर राहतं. टेप भरली की यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं, जुनं पुसत नवं धरत जातं. अण्णा सभागृहातून आले की टेप ऐकत असणार, कामं करत असणार आणि न होणाऱ्याला फोन करून ‘बघतो’ म्हणत असणार. ते होते तोवर ते ‘ऐकलं’ खरं होतं. आता यंत्र एकटंच ‘ऐकलं’ म्हणतं. ‘बघतो’ म्हणायला माणूस नाही.

ती खोली आता तुझ्या नावावर आहे, पण तू तिथे राहत नाहीस, असं ऐकते. सासऱ्यांच्या मोठ्या घरात राहतोस. म्हणजे खोली बंद, आणि बंद खोलीत सगळ्या गावाची गाऱ्हाणी.

मेकॅनिकने विचारलं, फोनचं वळवणं काढून टाकू का? दोन मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, आज राहू दे.

का ते तुला सांगायला हवं असं नाही, पण सांगते. मी तो आवाज पुन्हा ऐकायला गेले होते. आणि पुन्हा. औषधवाल्याला वाटतं माझं डोकं कायमचंच दुखतं, गोळ्यांनी डबा भरलाय. मी फोन लावते, ते ‘हां, बोला’ म्हणतात, मी गप्प राहते, ते ठेवायला सांगतात, मी ठेवते. यंत्र आहे हे कळूनही अंगावर काटा येतो आणि कळूनही जावंसं वाटतं. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. तिला हा आवाज ऐकवला तर ती कोलमडेल.

आता भिंत. मी नगरपालिकेच्या इंजिनिअरला घेऊन गेले. त्याने खालून वर पाहिलं, हात लावला नाही. म्हणाला, दुरुस्ती आमदारांच्या निधीशिवाय होणार नाही आणि झाली तरी या पावसाळ्यात नाही. आत्ता खाली राहणाऱ्यांनी उठायला हवं. त्याने नोटीस लावली. मावशींनी ती काढली, घडी केली आणि डगमगणाऱ्या मशीनच्या पायाखाली घातली. आमदारांनी स्वतः ‘ऐकलं’ म्हटलंय, इंजिनिअर कोण?

त्यांची मुलगी जवळच राहते, ये म्हणते. मावशींना जायला काही अडचण नाही. फक्त आशा सुटायला हवी.

म्हणून मी तुझ्याकडे निधी मागत नाही. रस्ता, पूल, पाटी, काही नाही. एक फोन कर. मावशींना. आवाज तुझ्याकडे आहेच, त्याच्या जोरावर निवडून आलास. एकच शब्द म्हण: ‘बघतो.’ त्या त्याच दिवशी गाठोडं बांधतील.

ताई


३० जुलै

धाकट्या,

उत्तर आलं. छापील कार्ड, खाली रबरी शिक्क्याची सही. “आपले निवेदन प्राप्त झाले. माननीय सदस्य त्यात जातीने लक्ष घालतील.” मी ते दोनदा वाचलं, न जाणो पाठीमागे काही लिहिलं असेल. नव्हतं. तुझ्या साहाय्यकाला मी तुझी कोण ते माहीत नाही की माहीत असूनही त्याने तेच कार्ड टाकलं? फोन केला तर म्हणतो, साहेब सभागृहात आहेत, विषय सांगा. विषय! मी सांगितलं, विषय भिंत. त्याने विचारलं, कुठल्या समाजाची? मी ठेवून दिला.

तुला एक शब्द जड का जातोय ते मला कळतं. ‘बघतो’ म्हटलं तर एक मत जाईल. ‘लक्ष घालतील’ म्हटलं तर कुणाचंच जात नाही. अण्णा मत घालवून माणूस राखायचे आणि पुढच्या वेळी तेच मत पुन्हा यायचं, हे तुला त्यांनी शिकवलं नाही की तू शिकला नाहीस?

काल मी स्वतः मावशींसमोर बसले आणि सगळं सांगितलं. यंत्र, टेप, बंद खोली. त्यांनी दोरा दातांनी तोडला. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “ताई, तुमचं भावाशी पटत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. तुमच्या घरातलं भांडण माझ्या भिंतीवर काढू नका.”

तोंडात मारल्यासारखं झालं. चारचौघांत तुला आंधळा म्हणाले ना, त्याची ही किंमत. माझ्या तोंडून तुझ्याबद्दलचं खरंही आता कुणाला खरं वाटत नाही.

मी निघाले तेव्हा मागच्या खोलीत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मावशी म्हणाल्या, भांडं असेल. आत जाऊन पाहिलं तर पलंगाच्या पायथ्याशी दगड होता, ओला, माझ्या मुठीएवढा. मागच्या खिडकीतून आला होता. मावशींनी तो उचलून दाराबाहेर ठेवला, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून.

फोनचं वळवणं मी अजून काढलेलं नाही. काढायला हवं. पण काढलं तरी दिलेला शब्द तिथेच राहतो, मावशींच्या कानात.

मी तिकडे येतेय.

ताई


४ ऑगस्ट, दुपार
वसतिगृह, अण्णांची खोली

धाकट्या,

हे पत्र टपालाने येणार नाही. सभागृहाच्या दारात बाहेरच्या माणसाने चिठ्ठी दिली की शिपाई ती आत सदस्याच्या बाकावर नेऊन ठेवतो, हे मला अण्णांनी दाखवलं होतं. म्हणजे तुझ्या हातात पडेल तेव्हा मध्ये साहाय्यक नसेल. आधीची पत्रं वाचली असशील तर चांगलं. नसशील तर एवढंच कळू दे: तू बसला आहेस तिथून चालत येण्याच्या अंतरावर एक खोली आहे आणि तिथे आपले वडील अजून फोन घेतात. यंत्रात भरलेल्या आवाजाने. गावाकडचे लोक त्यांना गाऱ्हाणं सांगतात, यंत्र ‘ऐकलं’ म्हणतं, आणि त्या शब्दाच्या भरवशावर शिवणाच्या मावशी पडायला आलेल्या भिंतीखाली राहतात.

रखवालदाराने मला ओळखलं. म्हणाला, नवे साहेब इथे येतच नाहीत, तुम्ही आलात बरं झालं, आत फोन वाजत असतो आणि कुणीतरी बोलतं. तो त्या दारावरून रात्रीची फेरी घालत नाही. किल्ली त्याने मला लांबूनच दिली.

खोली तशीच आहे. छत्री कोपऱ्यात, ताटलीत वाळलेला साबण, टेबलावर चष्म्याचं रिकामं घर. त्यातला चष्मा तुझ्याकडे आहे. यंत्र फोनशेजारी, वर लाल दिवा. मी खिडकी उघडली, खुर्चीवर बसले आणि टेप पहिल्यापासून लावली.

दूधवाला आहे. मास्तर आहेत, त्यांनी काम काहीच सांगितलेलं नाही, नुसतं विचारलंय, अण्णा, तुम्हीच ना? कुणाचं अर्धं वाक्य आहे आणि पुढचं दुसऱ्या कुणाच्या बोलण्याने पुसलेलं. मी आहे. म्हणजे माझं गप्प राहणं आहे, मागे औषधवाल्याच्या बाटल्यांची किणकिण. स्वतःला असं ऐकणं मला नको होतं. मावशी आहेत, भिंत समजावून सांगताहेत, पाणी कुठून येतं, कुठला दगड सुटलाय. किती व्यवस्थित सांगितलंय त्यांनी, इंजिनिअरपेक्षा नीट. आणि प्रत्येकाच्या शेवटी अण्णा, ऐकलं, ठेवा आता.

आणि मग आई आहे.

“अहो, मीच.” असं सुरू होतं. मागे शिवणाच्या मशीनची घरघर. आई दुपारी मावशींच्या दुकानात जाते ती गप्पांसाठी नाही, धाकट्या, फोनसाठी. एकदा नाही, टेपभर आईच आहे. लोकांची गाऱ्हाणी जिथे पुसली गेली, तिथे बहुतेक आईच आहे. आज पाऊस आहे म्हणते. ताई चिडचिड करते म्हणते, डोकं दुखतं तिचं, औषधवाल्याकडे जाते सारखी. एका ठिकाणी म्हणते, “तुम्ही उत्तर देणार नाही हे मला कळतं. मी काही वेडी नाही. पण ऐकता, तेवढं पुरे.” मी म्हटलं होतं ना, हा आवाज ऐकला तर आई कोलमडेल. ती त्याच आवाजावर उभी आहे.

मी टेप थांबवली आणि रडले. खिडकी लावायचंही सुचलं नाही.

मी इथे यंत्र बंद करायला आले होते. हात त्याच्या वायरपर्यंत नेला आणि फोन वाजला. दुपारची तीच वेळ. घंटा त्या खोलीत इतकी मोठी वाजते की कुणी दार तोडतंय असं वाटलं. खट्ट झालं. खाकरा आला. माझ्या हाताजवळून, जिवंत माणसाइतक्या मोठ्याने, अण्णा म्हणाले, “हां, बोला.”

आणि आई बोलू लागली. टेपवरची नाही, आत्ताची. या यंत्रात माणूस बोलत असताना ते बाहेर ऐकू येतं. मी उचलू शकत होते. उचललं नाही. तिचं काम तिला त्यांना सांगायचं होतं.

“अहो, मीच. ताई कुठेशी गेलीये, बोलली नाही. इथे पाणी फार येतंय मागच्या बाजूने, मावशींनी पोती लावलीत. पण तुम्ही ऐकलंय ना भिंतीचं, म्हणून मी निर्धास्त बसते. मला वेगळंच सांगायचंय. इतके दिवस सांगितलं नाही. इतक्या लोकांची कामं तुम्ही केलीत, मी कधी काही मागितलं नाही. धाकटा घरी येत नाही हो. त्याला एकदा घरी पाठवा. एवढं माझं काम करा.”

मशीनची घरघर थांबली होती. मावशीही ऐकत असणार.

अण्णा म्हणाले, “ऐकलं. ठेवा आता.”

आणि तिने ठेवला. किती हळू ठेवला ते मला ऐकू आलं.

मी यंत्राची वायर काढली आहे. टेप काढून चष्म्याच्या घरात ठेवली आहे, तुला ऐकायची असेल तर. पुसलेली नाही, मला ते जमलं नाही आणि जमवायचंही नाही. मावशींना माझं पटत नाही आणि घरी लावला तर फोन वळून इथेच येतो, म्हणून मघाशी औषधवाल्याला फोन करून सांगितलं की आईला मावशींच्या दुकानात जाऊ देऊ नका. तो म्हणाला, प्रयत्न करतो, पण त्या माझं कुठे ऐकतात. खरं आहे. ती एकाच माणसाचं ऐकते. मी संध्याकाळच्या बसने निघतेय, पण ती उद्या संध्याकाळच्या आत मला पोचवत नाही, आणि आई दुपारी तिथे असेल. भिंतीखाली. फोन लावेल. तो इथेच येईल, आणि आता यंत्र उचलणार नाही. नुसता वाजत राहील, आणि ती उचलायची वाट पाहत तिथेच बसून राहील.

किल्ली रखवालदाराकडे ठेवली आहे. उद्या दुपारी सभागृहात कुठलाही ठराव असो, उठ आणि या खोलीत येऊन बस. फोन वाजला की उचल. आई ‘अहो’ म्हणेल. ते ऐकून गडबडू नकोस आणि अण्णा होऊ नकोस, धाकटाच राहा. आधी तिला सांग, फोन मावशींना दे. मावशींना एकच शब्द म्हण, ‘बघतो.’ त्यांना समजेल. त्या उठतील आणि आईलाही हाताला धरून बाहेर काढतील. पण उठायच्या आधी फोन पुन्हा आईकडे जाईल. तिने तुझ्याकडे एक काम दिलेलं आहे, आणि ती रिसीव्हर कानाला लावून थांबेल.

तिला काहीही म्हण, धाकट्या. तिला फक्त ‘बघतो’ म्हणू नकोस.

ताई